पाच मिनिटांत रंग की रात्रभर भट्टी? सिरॅमिक रंगद्रव्याचा हिशोब

‘पाच मिनिटांत रंग तयार’ असे ऐकून ज्वलन पद्धतीकडे वळणार असाल, तर आधी तराजू काढा.

पद्धत देखणी आहे, यात वाद नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत के. सी. पाटील यांच्या गटाने ती १९८०च्या दशकात रुळवली. २० ग्रॅम अ‍ॅल्युमिनियम नायट्रेट आणि ८ ग्रॅम युरिया थोड्या पाण्यात विरघळवून बशी ५०० अंशांच्या मफल भट्टीत (प्रयोगशाळेतल्या छोट्या बंद विद्युत भट्टीत) ठेवायची. द्रावण उकळते, फेसाळते आणि पेट घेते. त्या ज्वाळेचे तापमान आपोआप हजार अंशांपुढे जाते. पण बशीत उरतो पावणेतीन ग्रॅम अ‍ॅल्युमिना, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा ऑक्साइड! बाकीचे सगळे वाफ आणि वायू होऊन निघून जाते.

हेच गणित निळ्या कोबाल्ट अ‍ॅल्युमिनेटला लावा. एक किलो रंगाला साधारण १.६५ किलो कोबाल्ट नायट्रेट, ४.२५ किलो अ‍ॅल्युमिनियम नायट्रेट आणि सव्वादोन किलो युरिया लागतो. कोरड्या भुकट्या मिसळून भाजायच्या जुन्या पद्धतीत ४५० ग्रॅम कोबाल्ट ऑक्साइड आणि ५८० ग्रॅम अ‍ॅल्युमिना पुरतो. मात्र १२००–१३०० अंशांवर तासन्‌तास भाजणे आणि नंतरची दळणी चुकत नाही. महागडा कोबाल्ट दोन्हीकडे सारखाच. म्हणून पोत्याने निळा विकायचा असेल, तर माझे मत जुन्या भट्टीलाच.

गुलाबीची गोष्ट वेगळी. अ‍ॅल्युमिनात थोडासा क्रोमियम मुरवायचा असतो, आणि कोरड्या भुकटीत तो सावकाश सरकतो. द्रावणात तो आधीच सगळीकडे सारखा पसरलेला असतो. अशा चिमूटभर मिसळीच्या रंगांना, छोट्या घाण्यांना आणि नव्या छटा पडताळायला ज्वलन पद्धतच सोयीची. टाइलवर छापायच्या इंकजेट शाईला बारीक कण हवेच असतात. या पद्धतीची भुसभुशीत भुकटी दळायला सोपी जाते.

दोन अडचणी आधीच धरून चाला. ज्वलन नीट जुळले नाही तर नायट्रोजन ऑक्साइडचा तपकिरी धूर निघतो. धूर खेचणारी व्यवस्था नसेल तर नादच सोडा. शिवाय शेतीचा अनुदानाचा युरिया कारखान्यात चालत नाही, औद्योगिकच घ्यावा लागतो.

फार बारीक रंग वितळलेल्या ग्लेझमध्ये (टाइलवरच्या काचेसारख्या लेपात) विरघळून फिका पडू शकतो. तेव्हा दोन्ही पद्धतींच्या रंगाचे नमुने तुमच्याच ग्लेझमध्ये कालवा आणि एकाच भट्टीत, शेजारीशेजारी ठेवलेल्या टाइलवर भाजा. माल त्यानंतर मागवा.