सात माणसं, आठ बॅगा: अमेरिकेतल्या भाड्याच्या मिनीव्हॅनचं परीक्षण

जळगाव, धुळे, शिरपूर, चोपडा इथून मुलाकडे-मुलीकडे अमेरिकेला जाणारे आई-वडील साधारण आखाजी झाली की निघतात. तिथे आठ-पंधरा दिवस गेले की घरात एकच विषय निघतो, ग्रँड कॅन्यन. माणसं मोजली तर सहा-सात भरतात आणि कुणीतरी म्हणतंच, "इनोव्हा करून टाकू." अमेरिकेत इनोव्हा विकत नाहीत. तिथे तिचं काम करते मिनीव्हॅन: टोयोटा सिएना, क्रायस्लर पॅसिफिका, किया कार्निव्हल किंवा होंडा ओडिसी. लास व्हेगासहून झायन आणि ब्राइस ही राष्ट्रीय उद्यानं, ॲरिझोनातलं पेज हे गाव, ग्रँड कॅन्यन आणि परत व्हेगास, अशी साधारण ८१० मैलांची, म्हणजे १३०० किलोमीटरची फेरी धरून हे परीक्षण आहे.

आधीच सांगून टाकतो. पाच-सहा माणसांना ही गाडी झकास. सात जणांना चालेल, पण बॅगा मोजून. आठ सीटच्या गाडीत आठ जण बसवायचा विचार असेल तर दोन गाड्या घ्या, भांडणं वाचतील.

चढण्या-उतरण्यापासून सुरुवात करू, कारण घरातल्या मोठ्यांचा सगळा प्रवास त्यावर ठरतो. इनोव्हा क्रिस्टात चढताना गुडघेदुखी असलेल्या माणसाला वरचा दांडा धरून अंग उचलावं लागतं. मिनीव्हॅनचा तळ बराच खाली असतो, दार सरकतं आणि लुगडं नेसलेली आजीसुद्धा कुणाचा हात न धरता मधल्या रांगेत बसते. मधल्या रांगेत दोन स्वतंत्र खुर्च्या असलेली सात सीटची गाडी मिळाली तर दोन खुर्च्यांमधून मागे चालत जाता येतं. आठ सीटच्या गाडीत मधली खुर्ची पुढे कलवून मागे शिरावं लागतं. त्यामुळे तिसरी रांग मुलांची, हे आधीच ठरवा. सरकती दारं बहुतेक विजेवर चालतात. ती हातानं ओढून लावायची नसतात. कळ दाबायची किंवा मूठ एकदा हलकेच खेचून सोडायची. इकडच्या सवयीनं जोर लावला की दार मध्येच थांबतं, उलटं फिरतं आणि सगळ्यांना वाटतं की बिघडलं.

बॅगांचा हिशेब मात्र नीट करा. तिन्ही रांगा उभ्या असताना मागे उरणारी जागा सिएनात ३३.५ घनफूट, पॅसिफिकात ३२.३ आणि कार्निव्हलमध्ये ४०.२ घनफूट आहे. लिटरमध्ये अनुक्रमे साधारण ९५०, ९१५ आणि ११४०. विमानाच्या २३ किलोवाल्या मोठ्या बॅगा उभ्या लावल्या तर पहिल्या दोघींत चार बसतात आणि वर हातातल्या पिशव्या. सात माणसांच्या आठ बॅगा कोणत्याही मिनीव्हॅनमध्ये बसत नाहीत. उपाय साधा आहे: मोठ्या बॅगा मुलाच्या घरी ठेवा आणि पाच दिवसांच्या फेरीला माणशी एक मऊ पिशवी घ्या. मऊ पिशवी कोपऱ्यात दाबता येते, कडक बॅग नाही. टपावर बांधण्याचा विचार सोडा. भाड्याच्या गाडीवर बहुधा आडव्या पट्ट्या नसतात आणि १२० च्या वेगात दोरी टिकत नाही.

पॅसिफिकाची एक खासियत आहे. मधल्या रांगेच्या खुर्च्या जमिनीत दुमडून जातात आणि त्या वर असताना तळातले दोन खोल कप्पे रिकामे राहतात. खाण्याचे डबे, चपला, पाण्याच्या बाटल्या तिथे मावतात. पण दुमडता याव्यात म्हणून त्या खुर्च्यांची गादी पातळ ठेवलेली आहे. चार तासांनी कंबर बोलू लागते. सिएनाच्या खुर्च्या जाड आहेत आणि पुढे-मागे खूप सरकतात, पण त्या बाहेर काढता येत नाहीत. वडीलधारी असतील तर सिएना, सामान जास्त असेल तर कार्निव्हल. अडचण ही की भाड्यानं देणारे मॉडेलचं नव्हे, वर्गाचं बुकिंग घेतात. 'किंवा तत्सम' हे दोन शब्द पावतीवर असतातच. लवकर पोहोचलात तर वाहनतळावर उभ्या दोन-तीन गाड्यांतून निवडू देतात. रात्री उशिरा गेलात तर जी उरली ती तुमची.

तेलाचं गणित. २०२१ पासून सिएना फक्त हायब्रिडमध्ये येते आणि सरकारी आकडा गॅलनला ३६ मैल, म्हणजे लिटरला साधारण १५ किलोमीटर. साध्या पेट्रोल पॅसिफिकाचा मिळून आकडा २२ मैल, म्हणजे नऊ-साडेनऊ. ८१० मैलांना एक २२-२३ गॅलन पिते, दुसरी ३७ च्या आसपास. गॅलनला चार डॉलर धरले तर फरक साठ डॉलरच्या आत. म्हणून सिएनासाठी दिवसाला वीस डॉलर जादा मागितले तर तेल वाचेल म्हणून घेऊ नका. बसायला बरी म्हणून घ्यायची तर घ्या. पंपावर तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, ८७ ऑक्टेनचं साधं पेट्रोल पुरतं. दोन, हिरवी नळी दिसली की हात तिकडे जातो, कारण आपल्याकडे हिरवा म्हणजे पेट्रोल. तिथे बहुतेक पंपांवर हिरवी नळी डिझेलची असते. तीन, यंत्र पाच आकडी पिनकोड मागतं आणि भारतीय कार्ड तिथे अडतं. आत काउंटरवर जाऊन पंपाचा नंबर सांगा, चाळीस डॉलर आधी भरा. उरलेले परत मिळतात.

आता पैसे खरे कुठे जातात ते. संकेतस्थळावर दिसलेला दिवसाचा दर म्हणजे निम्मी गोष्ट. काउंटरवरचा माणूस गोड बोलून तीन-चार गोष्टी पुढे करतो. गाडीच्या नुकसानीची माफी हा विमा नसून करार आहे, की गाडी ठोकली तर कंपनी तुमच्याकडून वसूल करणार नाही. दुसऱ्याच्या गाडीचं किंवा माणसाचं नुकसान झालं तर भरपाईसाठी वेगळं संरक्षण लागतं आणि खरा धोका तिथे आहे, कारण अमेरिकेत दवाखान्याचं बिल घर विकायला लावतं. हे दुसरं संरक्षण सोडून फक्त पहिलं घेणं ही सर्वांत जास्त होणारी चूक. भारतातला रहिवासी म्हणून बुकिंग केलं तर बऱ्याचदा दोन्ही दरात धरलेली असतात. पण मग गाडी चालवणाराही भारतातलाच रहिवासी हवा. वडिलांच्या नावानं स्वस्त बुकिंग आणि काउंटरवर मुलाचं कॅलिफोर्नियाचं लायसन्स, असं झालं की तिथेच दर बदलतो. मुलगा चालवणार असेल तर त्याच्या स्वतःच्या गाडीचा विमा भाड्याच्या गाडीला लागू होतो का, हे त्यानं आपल्या विमा कंपनीकडून लेखी घ्यावं. बारा-पंधरा सीटची मोठी व्हॅन बहुतेक क्रेडिट कार्डांच्या संरक्षणात बसत नाही.

कार्ड चालकाच्याच नावाचं हवं, आणि क्रेडिट कार्डच. डेबिटवर एकतर नकार मिळतो किंवा मोठी रक्कम अडकून पडते. चालक २५ वर्षांखालचा असेल तर रोजचा अधिभार लागतो. लहान मुलाची खुर्ची भाड्यानं दिवसाला दहा-पंधरा डॉलरला पडते. पाच दिवसांच्या भाड्यात दुकानातून नवी साधी खुर्ची येते. कॅलिफोर्नियातून निघणार असाल तर तिथला नियम आठ वर्षांखालच्या मुलाला मागच्या सीटवर योग्य खुर्चीत बसवण्याचा आहे, उंची ४ फूट ९ इंच झाली असेल तरच सूट. मांडीवर नातू घेऊन बसणं अजिबात नाही.

इथून येणारा कुणी गाडी चालवणार असेल तर आंतरराष्ट्रीय परवाना जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या आरटीओतून आधीच काढा. लायसन्स, पासपोर्ट, व्हिसा लागतो. फी हजार रुपये आणि मुदत एक वर्ष. मूळ लायसन्स सोबत नसेल तर त्या पुस्तिकेला किंमत नाही. गाडी ताब्यात घेतल्यावर वाहनतळातच दोन चकरा मारा. इंडिकेटरची दांडी डावीकडे असल्यानं पहिल्या दिवशी वळताना वायपर फिरतो. पॅसिफिकाचा गिअर म्हणजे डॅशबोर्डवरचं गोल बटण, जवळच आवाजाचंही गोल बटण. गाणं मोठं करायला हात गेला की कुठलं फिरवतोय ते बघा. लाल दिव्यालाही पूर्ण थांबून उजवीकडे वळता येतं, जिथे मनाईची पाटी नाही तिथे. चारी बाजूंना 'स्टॉप' असलेल्या चौकात जो आधी थांबला तो आधी जातो. हॉर्न वाजवणं म्हणजे शिवी.

निघण्यापूर्वी मागचा तळ उघडून स्टेपनी बघा. बऱ्याच मिनीव्हॅनमध्ये ती नसते; हवा भरायचं छोटं यंत्र आणि छिद्र बुजवायचा द्रव असतो. खिळ्याला चालतं, टायर बाजूनं फाटला तर नाही. कच्च्या रस्त्यावर नेण्याला करारात मनाई असते आणि मॉन्युमेंट व्हॅलीचा आतला १७ मैलांचा फेरा मातीचाच आहे. तिथे नावाहो या मूळनिवासी लोकांच्या जीपनं जा. मोठी आरव्ही, म्हणजे झोपायची-रांधायची सोय असलेली गाडी, घेण्याचा मोह होत असेल तर झायनचा १९३० सालचा बोगदा आठवा. मोठ्या वाहनांवर तिथे बंधन आहे, मिनीव्हॅन सरळ जाते. झायनच्या मुख्य दरीत हंगामात खाजगी गाडी सोडत नाहीत, फुकटची बस असते. सकाळी आठनंतर पार्किंग भरतं.

घड्याळाची गंमत पेजला होते. उन्हाळ्यात युटा ॲरिझोनाच्या एक तास पुढे असतं, कारण ॲरिझोना उन्हाळ्यासाठी घड्याळ बदलत नाही, पण ॲरिझोनातला नावाहो भाग बदलतो. पेजजवळची ॲन्टिलोप कॅन्यन ही अरुंद घळ नावाहो जमिनीवर असूनही तिथल्या फेऱ्या ॲरिझोनाच्या वेळेनं सुटतात आणि मोबाइल मध्येच एक तास उडी मारतो. फोनची आपोआप वेळ बंद करा. ॲन्टिलोपच्या खालच्या भागात उभे लोखंडी जिने आहेत. गुडघ्यांना वरचा भाग बरा.

प्रवेशाचे दर २०२६ पासून बदलले आहेत. झायन, ब्राइस, ग्रँड कॅन्यन यांची गाडीमागे फी ३५ डॉलर. त्याशिवाय या तिन्हींसह अकरा मोठ्या उद्यानांत १६ आणि त्यावरच्या वयाच्या परदेशी पाहुण्याला माणशी १०० डॉलर जादा. भारतातून आलेले दोघंच असले तरी तीन उद्यानांचे ६०० होतात. परदेशी पाहुण्यांचा वार्षिक पास २५० डॉलरचा आहे, तोच घ्या.

खाण्याचं आता. केळी, हिरव्या मिरच्या, वांगी, तांदूळ, हरभरे इथून नेऊ नका. विमानतळावर काढून घेतात, आणि जे नेताय ते तिथे जाहीर करा. काळा मसाला, शेव, बिबडे, नागलीचे पापड, कळण्याचं पीठ चालतं. दुधात मळलेल्या दशम्या निघायच्या आदल्या रात्री करा, दोन दिवस टिकतात. सोबत शेंगदाण्याची चटणी. इथली विजेची किटली नेऊ नका. तिथे १२० व्होल्ट असल्यानं ती जेमतेम पाव ताकदीनं चालते आणि चहाला अर्धा तास लागतो. तिथलाच भाताचा कुकर वीस-पंचवीस डॉलरला येतो, पण मॉटेलच्या खोलीत फोडणी देऊ नका, धुराचा भोंगा वाजतो. पेज आणि सेंट जॉर्जला वॉलमार्ट आहे. दही, बर्फ, टॉर्टिया (पोळीसारखी मेक्सिकन रोटी) तिथून भरून घ्या. मधल्या गावांत डाळ-भात मिळेल अशी आशा नको.

भुसावळच्या मे महिन्याला सरावलेल्यांना पेजचं ऊन काही वाटणार नाही, पण ब्राइस आठ हजार फुटांवर आहे आणि मेमध्येही रात्री पारा शून्याजवळ जातो. तोरणमाळची थंडी धरून स्वेटर घेतलात तर कमी पडेल. व्हेगास ते ग्रँड कॅन्यन २८० मैल साडेचार तासांत होतात. जळगाव-पुण्यापेक्षा अंतर जास्त आणि वेळ जवळपास निम्मा, म्हणून मोठ्यांना न उतरवता दामटायची इच्छा होते. दर दोन तासांनी उतरवा, पायाला सूज येते.

गाडी परत करताना विमानतळाच्या पाच मैल आधी टाकी भरून पावती ठेवा. त्यांनी भरली तर गॅलनचा दर भलताच लागतो. चारी बाजू, टप आणि मीटर यांचे फोटो घेताना केले तसेच परत देताना करा. लाल माती झटकून टाका, जास्त घाण असेल तर साफसफाईचे पैसे लावतात. आणि पॅसिफिका असेल तर मधल्या खुर्च्यांखालचे ते दोन कप्पे उघडून बघा. चपला आणि बिबड्यांचा डबा नेहमी तिथेच राहतो.