पीसी ८१७ ऑप्टोकपलर: घटक विश्वासाचा, पण रेझिस्टर आपण निवडावेत

छंद म्हणून इलेक्ट्रॉनिक्स करणाऱ्यांच्या हाती बहुधा पहिल्यांदा येणारा ऑप्टोकपलर (दोन सर्किट तारेने न जोडता सिग्नल पोहोचवणारा घटक) म्हणजे चार पायांचा पीसी ८१७. एका बाजूला अवरक्त एलईडी, दुसऱ्या बाजूला फोटोट्रान्झिस्टर आणि दोहोंमध्ये केवळ प्रकाशाचा दुवा, एवढीच त्याची रचना आहे. मोटार किंवा रिलेच्या सर्किटमधला गोंगाट मायक्रोकंट्रोलरपर्यंत पोहोचू नये म्हणून मी तो दीर्घकाळ वापरत आलो आहे. माझ्या अनुभवात त्याच्याविषयीच्या बहुतेक तक्रारी मुळात त्याला जोडलेल्या रेझिस्टरांच्या असतात.

इनपुटचे गणित सरळ आहे. एलईडीवर साधारण १.२ व्होल्ट पडतात; उरलेल्या व्होल्टेजला हव्या त्या करंटने भागले की रेझिस्टर मिळतो. करंट मी ५ मिलिअँपिअर धरतो, कारण डेटाशीटमधील (उत्पादकाच्या माहितीपत्रकातील) हमीचे आकडे त्याच करंटला दिलेले आहेत आणि मायक्रोकंट्रोलरच्या बहुतेक पिना तो आरामात देऊ शकतात. ५ व्होल्टला उत्तर ७६० ओहम येते, म्हणून त्याच्या खालचा सहज मिळणारा ६८० ओहम घ्यावा, ३.३ व्होल्टला ३९० ओहम, १२ व्होल्टला २.२ किलोओहम आणि २४ व्होल्टला ४.७ किलोओहम. एलईडी उलटा व्होल्टेज फक्त ६ व्होल्टपर्यंत सोसतो, त्यामुळे इनपुटच्या तारा उलट जोडल्या जाण्याची शक्यता असेल तर त्याला उलट्या दिशेने समांतर १एन४१४८ डायोड अवश्य लावावा.

खरी परीक्षा आउटपुटच्या पुल-अप रेझिस्टरची, म्हणजे आउटपुटला पुरवठ्याच्या व्होल्टेजशी जोडणाऱ्या रेझिस्टरची आहे, आणि तिथेच अंदाजाने काम करणारे फसतात. एलईडीतून गेलेल्या करंटच्या किती टक्के करंट ट्रान्झिस्टर वाहून नेऊ शकतो, त्या प्रमाणाला सीटीआर म्हणतात. पीसी ८१७ मध्ये तो ५० टक्क्यांपासून ६०० टक्क्यांपर्यंत काहीही असू शकतो. अंगावर ए छापलेला घटक ८० ते १६०, बी १३० ते २६०, सी २०० ते ४०० आणि डी ३०० ते ६०० टक्के देतो. अक्षर नसेल तर ५० टक्केच गृहीत धरावेत. म्हणजे ५ मिलिअँपिअरला हमी फक्त अडीच मिलिअँपिअरची. त्यातही हा आकडा ट्रान्झिस्टरवर ५ व्होल्ट असतानाचा आहे. ट्रान्झिस्टर पूर्ण सॅच्युरेट, म्हणजे पुरता चालू, झाल्यावर प्रमाण घटते आणि वर्षानुवर्षांच्या वापराने एलईडीचा प्रकाशही मंदावतो. म्हणून मी त्याचेही निम्मे, म्हणजे सव्वा मिलिअँपिअर धरतो. ५ व्होल्टच्या पुल-अपसाठी यातून किमान ३.९ किलोओहम निघतात, आणि ४.७ किलोओहम लावला की मन निश्चिंत राहते. तिथे १ किलोओहम लावला तर टेबलावर सर्किट चालेलही, कारण हातातला नग चांगला असू शकतो. पुढच्या नगाची मात्र शाश्वती नाही.

एका विक्रेत्याकडून घेतलेल्या तयार चार चॅनेलच्या मॉड्यूलविषयी इथे स्पष्ट लिहिणे गरजेचे वाटते. त्यावर ३.३ ते २४ व्होल्ट असे छापलेले होते आणि प्रत्येक इनपुटला १०२ अशी खूण असलेला, म्हणजे १ किलोओहमचा, इवलासा रेझिस्टर होता. २४ व्होल्टला त्यातून जवळजवळ २३ मिलिअँपिअर वाहतात. पीसी ८१७ ची मर्यादा ५० मिलिअँपिअर असल्याने त्याला काही होत नाही, परंतु अर्धा वॅट उष्णता त्या बिचाऱ्या रेझिस्टरवर पडते आणि थोड्याच वेळात त्यावर बोट ठेवता येत नाही. उलट ३.३ व्होल्टला जेमतेम २ मिलिअँपिअर मिळतात, आणि अक्षर नसलेल्या घटकासाठी ते अपुरे आहेत. एकच रेझिस्टर एवढ्या मोठ्या पल्ल्याला पुरेल असा दावा ग्राहकाची दिशाभूल करणारा आहे. मॉड्यूल घेतलेच असेल तर जास्त व्होल्टेजला वापरताना बाहेरून एक रेझिस्टर सिरीजमध्ये जोडावा. २४ व्होल्टसाठी ३.९ किलोओहम योग्य ठरतो.

वेगाच्या बाबतीत पीसी ८१७ कडून फार अपेक्षा ठेवू नयेत. डेटाशीटमधील ४ मायक्रोसेकंदांचा आकडा १०० ओहमच्या लोडवरचा आहे; ४.७ किलोओहमवर ट्रान्झिस्टर बंद व्हायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. बटणे, लिमिट स्विच, रिले यांना याने काही फरक पडत नाही. १,१५,२०० बॉडच्या (म्हणजे सेकंदाला तितक्या बिटच्या) सिरीयल संदेशात मात्र एक बिट ९ मायक्रोसेकंदांहूनही लहान असतो, आणि तिथे ६एन१३७ सारखा वेगवान घटकच घ्यावा.

खरेदी करताना सी अक्षराचे नग मागून घ्यावेत, असे मी आग्रहाने सांगेन. बॅटरीवरच्या सर्किटमध्ये त्यांचा एलईडी २ मिलिअँपिअरवर, म्हणजे ५ व्होल्टला १.८ किलोओहम लावून चालवला, तरी ४.७ किलोओहमचा पुल-अप खात्रीने खाली खेचला जातो.