चोवीस भोकांचा कन्व्हर्टर

पुस्तकांची अक्षरजुळणी आणि पानांची मांडणी हा माझा व्यवसाय असल्यामुळे माझा जुना तीस इंची मॉनिटर मी अजून भंगारात दिलेला नाही. २५६० बाय १६०० बिंदूंच्या त्या पडद्यावर समोरासमोरची दोन पाने पूर्ण आकारात मावतात आणि रफाराची चूकही नजरेतून सुटत नाही. मात्र त्याला संगणकाशी जोडण्यासाठी डीव्हीआय हे एकच तोंड आहे, आणि जुना टॉवर बंद पडल्यावर घेतलेल्या लॅपटॉपला एचडीएमआय आणि यूएसबी-सी यांखेरीज काहीच नव्हते.

मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात मी मॉनिटरचा मॉडेल क्रमांक लिहिलेली चिठ्ठी दाखवली आणि ड्युअल लिंकच, म्हणजे चित्राच्या तारा दुप्पट असलेले डीव्हीआयच हवे, असे स्पष्ट सांगितले. दुकानदाराने एचडीएमआय ते डीव्हीआय असा बोटभर लांबीचा कन्व्हर्टर काढला, त्याची चोवीस भोके पेनाच्या टोकाने माझ्यासमोर मोजली, ‘साहेब, सिंगल लिंकला अठराच पिना असतात,’ अशी ग्वाही दिली आणि दुकानातल्या मॉनिटरवर चित्रही आणून दाखवले. त्याचे मी ४,२०० रुपये मोजले. पावती मागितली तेव्हा व्हिजिटिंग कार्डाच्या मागे आकडा लिहून मिळाला आणि मीही, लोकल चुकू नये म्हणून, तेवढ्यावर समाधान मानले.

घरी चित्र आले, पण १२८० बाय ८०० एवढेच. अक्षरे अशी फुगली की पानाचा वरचा तुकडा तेवढा दिसावा. दोन दिवस मी लॅपटॉपच्या सेटिंगमध्येच दोष शोधत राहिलो. अखेर भाच्याने कटरने कन्व्हर्टरचे कवच कापले, तेव्हा आत चिप नव्हती आणि मधल्या सहा भोकांमागे एकही तार जोडलेली नव्हती. भोके चोवीस होती, यात दुकानदार खोटे बोलला नव्हता.

खरी मेख अशी की एचडीएमआयच्या नेहमीच्या तोंडात चित्राची माहिती नेणाऱ्या तारांच्या तीनच जोड्या असतात आणि ड्युअल लिंकला सहा लागतात, त्यामुळे नुसत्या तारा जोडून केलेला कोणताही कन्व्हर्टर हे काम करूच शकत नाही. डीव्हीआयच्या एका लिंकमधून बिंदू जाण्याच्या वेगाची मर्यादा १६५ मेगाहर्ट्झ आहे. तिच्यात सेकंदाला ६० चित्रे या गतीने १९२० बाय १२०० बिंदू बसतात, तर माझ्या पडद्याला सुमारे २६८ मेगाहर्ट्झ लागतात. दुकानातला मॉनिटर १९२० बाय १०८० चा होता. त्यावर चित्र येणारच होते, आणि त्या चाचणीला मी पुरावा समजलो.

जे खरोखर चालले ते डिस्प्लेपोर्ट (चित्र नेण्याची आणखी एक पद्धत) ते ड्युअल लिंक डीव्हीआय असे चिप असलेले उपकरण. त्याला विजेसाठी यूएसबीची वेगळी शेपटी असते. लॅपटॉपच्या यूएसबी-सीमधून डिस्प्लेपोर्टच्या पद्धतीने चित्र बाहेर पडते की नाही, हेही आधी पाहावे लागले, कारण तोंड तसेच दिसत असले तरी प्रत्येक यूएसबी-सीमध्ये ती सोय नसते.

दुकानदार म्हणाला, ‘चित्र आले ना? मग माल चालू आहे.’ मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणे हीच अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हते. पैसे यूपीआयने दिले होते, म्हणून व्यवहाराची नोंद तरी हाती होती. रोख दिले असते तर त्या कार्डाला कोणी विचारले नसते. दुकानातल्या चाचणीचा फोटो, लेखी ‘२५६० बाय १६०० चालेल’ एवढी ओळ, यांपैकी काहीच मी घेतले नव्हते.

तीन आठवड्यांनी ३,००० रुपये परत आले. उरलेले १,२०० रुपये त्याने कवच कापले म्हणून वळते केले, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.