‘द ग्रेट पॅशन’ : पावसाळ्यात घेतली, अजून कपाटात गेलेली नाही

जेम्स रन्सीची ही कादंबरी (२०२२) मी मागच्या पावसाळ्यात घेतली. एकदा सलग वाचली, मग बाख या अठराव्या शतकातल्या जर्मन संगीतकाराचं संगीत लावून तुकड्यातुकड्याने वाचली, आणि आता मधूनच कुठलंही पान उघडून बसते. पहिल्या वाचनानंतर लगेच लिहायला घेतलं असतं तर पाचपैकी तीन तारे दिले असते. आता चार देते. पाचवा का नाही, तेही सांगते.

गोष्ट अशी. १७५० साल. बाख गेल्याची बातमी येते आणि ऑर्गन बांधणाऱ्या घराण्यातल्या स्टेफान झिल्बरमानला जर्मनीतल्या लायप्झिग शहरातलं एक वर्ष आठवू लागतं. तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. आई नुकतीच गेलेली. वडील म्हणतात, तिचा फार विचार करू नकोस, आणि त्याला लांबच्या थॉमस शाळेत ठेवून येतात. तिथली पोरं छळतात. शाळेचा कॅन्टर, म्हणजे मुलांना गाणं शिकवणारा आणि शहरातल्या मुख्य चर्चांचं संगीत सांभाळणारा माणूस, म्हणजे योहान सेबास्टियन बाख. त्याला या पोराचा आवाज सापडतो. तो त्याला एकट्याने गायला उभं करतो, स्वरलेखनाच्या नकला करायला बसवतो आणि हळूहळू घरात घेतो. मग मृत्यू बाखच्याच घरात शिरतो. जून १७२६ मध्ये त्याची तीन वर्षांची मुलगी गेली, हे इतिहासातही नोंदलेलं आहे. शेवट ‘मॅथ्यू पॅशन’कडे, म्हणजे येशूच्या यातना आणि मृत्यूची गोष्ट गाऊन सांगणाऱ्या बाखच्या मोठ्या रचनेकडे जातो हे पुस्तकाच्या नावातच आहे, त्यामुळे रहस्य फोडल्याचं पाप माझ्या माथी नाही.

मला धरून ठेवलं ते वडील आणि बाख यांच्यातल्या फरकाने. वडिलांचा सल्ला आपल्याकडचाच आहे. तेरावा उरकला की जो तो येऊन सांगतो, मन कशात तरी गुंतव, आता मागचं काढू नकोस. बाखही पोराला कामालाच लावतो, पण त्याचं काम दुःखापासून लांब नेत नाही, थेट त्यातच नेऊन सोडतं. कारण या मुलांचं गाणंच मुळी मृत्यूभोवती फिरतं. त्या काळी थॉमस शाळेची मुलं गावातल्या अंत्ययात्रांत गायला जात, त्याचे पैसे मिळत, आणि त्यात कॅन्टरचाही वाटा असे. १७३० मध्ये बाखने एका जुन्या मित्राला पत्र लिहिलंय. त्यात तक्रार अशी, की गावाची हवा चांगली असली की माणसं कमी मरतात आणि आपली मिळकत घटते. गेल्या वर्षी शंभराहून जास्त थालर (तिथली तेव्हाची चांदीची नाणी) बुडाले. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी मोठ्याने हसले होते. मग जाणवलं की हे लिहिणारा माणूस दहाव्या वर्षी आईबापाविना पोरका झालेला आहे, आणि १७२० मध्ये आश्रयदात्या राजपुत्राबरोबरच्या प्रवासातून घरी परतला तेव्हा त्याच्या पहिल्या बायकोला पुरूनही झालं होतं. हिशेब आणि हुंदका एकाच घरात राहतात, हे कादंबरीला नेमकं कळलंय. म्हणूनच नकला करायचे प्रसंग मला सगळ्यात आवडले. शाई, कागद, संध्याकाळपर्यंत तयार व्हायला हवेत असे सुरांचे ताव. कुणी कुणाचं सांत्वन करत नाही, पण पोरगं हळूहळू ताळ्यावर येतं.

दुसऱ्या वाचनाला संगीत जोडीला घेतलं आणि पुस्तक बदललं. ‘मॅथ्यू पॅशन’मधली एकच जागा सांगते. शेवटच्या भोजनाला येशू म्हणतो, तुमच्यातला एकजण मला दगा देईल. शिष्य घाबरून विचारतात, ‘प्रभू, मी तर नाही ना?’ हा प्रश्न गायनवृंदात या आवाजातून त्या आवाजात उडत जातो, काही सेकंदांत संपतो. नीट मोजलं तर तो अकरा वेळा येतो. शिष्य बारा; दगा देणारा यहूदा गप्प आहे. आणि त्याने तोंड उघडण्याआधीच बाख सगळ्यांना थांबवून चर्चमधल्या लोकांच्या ओळखीच्या, संथ चालीतलं एक भजन आणतो. त्याचे पहिलेच शब्द आहेत, ‘तो मीच’. म्हणजे उत्तर गोष्टीतलं पात्र देत नाही, ऐकायला बसलेला माणूस देतो. आईच्या आजारपणात आपण पुरेसे जवळ होतो का, असा प्रश्न मनात घेऊन फिरणाऱ्याला ही जागा सोसत नाही. मला अजूनही तिथे थांबावं लागतं.

आता कुरबुरी. रन्सीचा बाख फार बोलतो. जेवताना बोलतो, तालमीत बोलतो, आणि बरीचशी वाक्यं चौकटीत घालून भिंतीवर लावावीत अशी. लेखकाचे वडील कँटरबरीचे आर्चबिशप होते, त्यामुळे प्रवचन रक्तातच असेल म्हणा, पण मधल्या भागात मी पानं सरळ उलटली. छळणारी पोरं एकसुरी आहेत. आणि बाखची दुसरी बायको, अ‍ॅना मॅग्दालेना! ही बाई लग्नाआधीपासून क्योटनच्या दरबारात पगारी गायिका. लायप्झिगच्या चर्चमध्ये बायकांनी गायचं नाही, म्हणून तिथे वरच्या पट्टीतलं गाणं तेरा-चौदा वर्षांच्या मुलांकडे. शिकून तयार झालेला गळा गप्प बसून पोरांचं ऐकतोय, त्यात ती बाळंतपणं आणि मुलांचे मृत्यू. खरी कादंबरी तिथे होती असं मला राहून राहून वाटतं. रन्सी तिला माया देतो, जागा मात्र हवी तेवढी देत नाही. पाचवा तारा तिथे गेला.

इंग्रजी सोपं आहे. ख्रिस्ती प्रार्थनाविधींची ओळख नसेल तरी अडत नाही, गुड फ्रायडेला काय घडलं एवढं माहीत असलं की पुरे. रहस्य, वेग, राजकारण हवं असेल तर वाटेला जाऊ नका. घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर थोडे महिने थांबा. मुलीच्या मृत्यूनंतरची पानं हात राखून लिहिलेली नाहीत.

संगीत ऐकायचंच. ‘मॅथ्यू पॅशन’ पावणेतीन तासांच्या आसपास चालतं, पण एका बैठकीत संपवायची सक्ती नाही. ११ एप्रिल १७२७ ला थॉमस चर्चमध्ये ते बहुधा पहिल्यांदा झालं, तेव्हाही दोन भागांच्या मध्ये प्रवचन होतं. तुम्ही चहा घ्या. आणि कादंबरीसोबत ऐकायचं तर वाद्यवृंद-संचालक निकोलाउस हार्नोनकूर यांचं १९७० चं ध्वनिमुद्रण शोधा. त्यात बायकांचे आवाज नाहीत, वरच्या पट्टीत मुलंच गातात. एखाददुसऱ्या ठिकाणी श्वास पुरत नाही, सूर किंचित खाली येतो. मोठ्या गायिकांची सफाईदार ध्वनिमुद्रणं मग हवी तेवढी आहेत.