सिल्व्हरच्या ड्रेसिंगवरचा तारखेचा स्टिकर आधी सोलून बघा

आईच्या पायाचं बोट गेलं आणि वर 18,030 रुपयेही गेले. आणखी कुणाचं जाऊ नये म्हणून लिहितेय.

आईला जुनी शुगर. पायाला संवेदना नाही, त्यामुळे जखम चिघळली तरी तिला दुखत नव्हतं. जखम कोरडी, वर पिवळट मेलेला थर. सर्जननी सिल्व्हरचं हायड्रोजेल ड्रेसिंग लिहून दिलं. जेलच्या ओलाव्यानं तो थर सुटतो, चांदी जंतूंना आवरते. मेडिकलवाला एकाचे 780 सांगत होता आणि एक दिवसाआड नवं लागणार. वॉर्डातल्याच एका पेशंटच्या मुलानं व्हॉट्सअ‍ॅप नंबर दिला, "सर्जिकलवाले आहेत, हॉस्पिटललाच माल देतात." 465 ला एक. 10 मागवले, 4,650 रुपये. माल चोख निघाला, जखम लाल दिसायला लागली, सर्जनही खूश. त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवरून औषध घेतंच कोण, हे मला कुणी शिकवू नये. पहिला माल खराच देतात, त्यावरच तर यांचा धंदा चालतो.

मग 30 चा बॉक्स. 440 नं 13,200, वर कुरिअरचे 180. बिल "मागाहून पाठवतो". पैसे गेले कुणा बाईच्या नावाच्या यूपीआयवर.

या पाकिटांवर एक्स्पायरीच्या जागी स्टिकर होता. एकाचा कोपरा सुटलेला. मी नख घातलं, खाली छापील आकडे दिसले. लगेच विकणाऱ्याला फोटो पाठवला. उत्तर आलं, "मॅडम, इम्पोर्टेड मालावर इथला स्टिकर लावावाच लागतो." हे खरंच आहे आणि म्हणूनच मी गप्प बसले. पण आयात करणाऱ्याच्या स्टिकरवर त्याचं नाव, पत्ता, परवाना नंबर असतो. माझ्या हातातल्या स्टिकरवर नुसती तारीख होती. नुसती तारीख! तेव्हाच पूर्ण सोलला असता तर मागच्या वर्षीचा महिना तिथंच दिसला असता. नंतर सोलला तेव्हा दिसलाच. तो सुटलेला कोपरा अजून डोळ्यांपुढून जात नाही.

जेलही निराळं होतं. आधीचं चिमट्यानं उचललं की अख्खा तुकडा हातात यायचा. हे कडेनं वाळलेलं, मधे चिकट, लगदा होऊन जखमेतच राहायचं. ड्रेसिंगला येणाऱ्या सिस्टर म्हणाल्याही, "ताई, हे आधीचं वाटत नाही." त्याला विचारलं तर म्हणे नवीन बॅच आहे. मग हिरवट पू, ताप, ऑपरेशन. त्याचे 46,700 वेगळे.

आता सरकारी दारं. सायबर पोलीस म्हणाले, माल मिळालाय ना, मग ग्राहक आयोगात जा. तिथं पहिला प्रश्न, बिल कुठंय? औषध कार्यालयात साहेब दौऱ्यावर. भेटले तेव्हा, फोडलेलं पाकीट चालत नाही. सीलबंद नेलं, तर विक्रेता दुसऱ्या राज्यातला, तिकडे लिहा! अहो, 1 एप्रिल 2020 पासून सगळी वैद्यकीय उपकरणं कायद्यानं औषधात मोडतात. 1940 च्या औषध कायद्याचं कलम 26 सांगतं की विकत घेतलेलं औषध फी भरून कुणालाही सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेता येतं. ते कलम छापून त्यांच्या टेबलावर ठेवलं. "अर्ज ठेवून जा." पोच मागितली तर शिक्का सापडेना. माणसाचा पाय सडतोय आणि यांना शिक्का सापडत नाही! बोट या ड्रेसिंगमुळे गेलं असं लिहून द्यायला डॉक्टरही तयार नाहीत.

पैसे गेल्या गेल्या 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. उशीर झाला की खातं रिकामं. विकणाऱ्याकडे औषधविक्रीचा परवाना किंवा एमडी-42 ची, म्हणजे वैद्यकीय उपकरणं विकण्याची नोंदणी मागा, टाळाटाळ केली की तिथंच थांबा. पाकिटाची एखादी कड वेडीवाकडी दाबलेली असेल तर ते जखमेला लावूच नका. वापरलेली पाकिटंही फेकू नका, चॅट पुसू नका. आणि जखमेला खूप पाणी सुटत असेल तर खरं हायड्रोजेलसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका, कडा भिजून पांढऱ्या पडतात.

त्याचा नंबर आता बंद आहे. पण परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तोच बॉक्सचा फोटो दुसऱ्या नंबरवरून आला, भाव 450.