एकास सोळा शर्मन: अकरा महिने चालवल्यानंतर

गेल्या ऑगस्टमध्ये भाचा सुट्टीवर घरी आला, तेव्हा त्याच्या बॅगेतून हा रणगाडा पुण्यात आला. एम4ए3 शर्मन, एकास सोळा प्रमाण, रिमोटवर चालणारा, चिनी बनावटीचा. आपल्याकडे खेळण्यांवरचं आयात शुल्क 2023 पासून 70 टक्के आहे, त्यामुळे परदेशातून पार्सल मागवण्यापेक्षा येणाऱ्या माणसाकडून आणवणं मला सोपं वाटलं. शर्मनच का, तर 1965 च्या सप्टेंबरात पंजाबातल्या असल उत्तरला पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांसमोर जे आपले रणगाडे उभे होते, त्यांत डेक्कन हॉर्स या रेजिमेंटच्या शर्मन होत्या. लहानपणापासून ऐकलेली ती लढाई. जर्मन टायगर रणगाडा सगळेच घेतात. मला शर्मन हवी होती.

खोक्यातून काढली तेव्हाच जीव लागला. लांबी जवळजवळ 37 सेंटिमीटर, टरेट, म्हणजे तोफेचा बुरूज, फिरतं, तोफ वरखाली होते, इंजिन चालू केलं की आधी स्टार्टरचा आवाज येतो आणि मग धडधड सुरू होते. साच्यातलं काम नीटस आहे, वेल्डिंगच्या रेघासुद्धा दिसतात. पण ट्रॅक, म्हणजे चाकांभोवतीचे साखळीसारखे पट्टे, प्लास्टिकचे, ते ओढणारं दातेरी चाक, म्हणजे स्प्रॉकेट, प्लास्टिकचं आणि गिअरबॉक्सही प्लास्टिकचा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली तर 2 किलो 600 ग्रॅम. गच्चीच्या गुळगुळीत फरशीवर धावली, की खेळण्यातल्या मोटारीसारखी सटकायची. रणगाडा असा पळत नाही, हे पाहताक्षणी जाणवत होतं.

म्हणून पहिल्याच महिन्यात धातूचे ट्रॅक बसवले. हीच माझी सगळ्यात मोठी चूक, आणि जो कोणी हा छंद सुरू करणार आहे त्याने निदान एवढा परिच्छेद नीट वाचावा. धातूचे ट्रॅक हातात घेतले की वजन कळतं, दिसायलाही ते देखणे असतात, म्हणून पहिला मोह त्यांचाच होतो. पण ते वजन ओढायचं कोणी? आतल्या प्लास्टिकच्या गिअरांनी. तीन आठवडे छान गेले. मग एका रविवारी गच्चीवर मागे घेत वळवताना डाव्या बाजूने कट-कट-कट असा आवाज आला आणि तो ट्रॅक जागीच थांबला. मोटर फिरत होती, चाक फिरत नव्हतं. खोललं तर दुसऱ्या गिअरचे सलग चार दात सपाट झालेले, भोवती पांढरा भुगा. उजव्या बाजूचाही एक दात अर्धा झिजलेला होता, म्हणजे तीही आठवड्याभराची सोबती. आधी गिअरबॉक्स, मग स्प्रॉकेट, मग ट्रॅक. हा क्रम उलटा केलात तर पैसे दोनदा जातात, माझे गेले.

स्टीलचे गिअर आणि बेअरिंग असलेला गिअरबॉक्स नोव्हेंबरात मिळाला. मुद्दाम कमी वेगाचा घेतला. त्याआधी एक हिशोब केला होता, तो सांगतो. खरी शर्मन रस्त्यावर ताशी साधारण 40 किलोमीटर जायची. त्याला 16 ने भागलं की अडीच किलोमीटर, म्हणजे पाच मीटर अंतराला सात सेकंद. माझी मूळ गाडी पाच मीटर पाच सेकंदांत कापत होती, म्हणजे खऱ्या शर्मनच्या मापात ताशी 57 किलोमीटर! नव्या गिअरबॉक्सवर आठ सेकंद लागतात. बघणाऱ्याला वाटतं वेग कमी झाला, पण चित्र खरं झालं. आता ती दारातून आत येताना पाहिली की छाती भरून येते.

बसवताना एक गोष्ट लक्षात ठेवा. मूळ गिअरबॉक्स हलच्या, म्हणजे रणगाड्याच्या खालच्या धडाच्या, तळातल्या प्लास्टिकच्या खुंट्यांवर छोट्या स्क्रूंनी बसतो. धातूच्या गिअरबॉक्सचा जोर त्या खुंट्यांना झेपत नाही, माझी एक पहिल्याच दिवशी चिरली. मी तळाला आरपार भोकं पाडून तीन मिलिमीटरचे बोल्ट घातले, खालून वॉशर आणि नट. स्प्रॉकेटच्या स्क्रूला थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद, लावलं. तेव्हापासून तिथे हात लावावा लागलेला नाही.

मग ट्रॅक. प्रत्येक कडीत एक पिन असते आणि सुरुवातीचे काही तास या पिना हळूहळू बाहेर सरकतात. सरकलेली पिन हलच्या बाजूवर चर पाडते, माझ्या डाव्या बाजूला असे दोन चर अजून आहेत. दर पंधरा मिनिटांनी गाडी उलटी करून बोट फिरवायचं, जी टोचेल ती पंचने आत ठोकायची आणि एकाच टोकाला सुपरग्लूचा बारीकसा थेंब सोडायचा. दोन्ही टोकांना लावलात तर कडी आखडते. तेल अजिबात घालू नका, त्यावर मुरूम चिकटतो आणि सहाणेसारखा घासतो. पेन्सिलीच्या शिशाची पूड पुरते. ताण किती ठेवायचा ते वापरूनच कळतं: फार घट्ट ठेवला तर मोटर तापते, सैल ठेवला तर मागे घेताना ट्रॅक उतरतो, कारण शर्मनचं स्प्रॉकेट पुढे असतं आणि मागे जाताना वरची बाजू ढिली पडते. मी एक कडी काढली आणि मागचं आयडलर, म्हणजे ट्रॅकला ताण देणारं चाक, धातूचं, सरकवता येणारं बसवलं. आता वजन सव्वाचार किलो आहे. तीस टनांच्या खऱ्या शर्मनला 4,096 ने (सोळा गुणिले सोळा गुणिले सोळा) भागलं तर सव्वासात किलो येतात, म्हणजे अजून वाव आहे. मात्र एवढ्या वजनानेच पुढच्या बोगीच्या, म्हणजे खालच्या चाकांच्या जोडीच्या, स्प्रिंगा बसल्या होत्या. तिथे बॉलपेनच्या स्प्रिंगा कापून आत घातल्या, नाक पुन्हा सरळ झालं.

चालवण्याबद्दल. सोसायटीतले एक काका चिलखती दलातून रिसालदार म्हणून निवृत्त झालेत. जानेवारीत त्यांनी ती पहिल्यांदा पाहिली. मी हौसेने जागच्या जागी गरागरा फिरवून दाखवली, तर म्हणाले, "अरे, शर्मन अशी वळायची नाही. एका बाजूचा ट्रॅक हळू करून पुढे जात-जात वळायची." खरंच आहे. शर्मनमध्ये कंट्रोल्ड डिफरन्शिअल होतं, दोन्ही ट्रॅक उलटसुलट फिरवायची सोयच नव्हती. वळायला तिला साधारण 19 मीटर व्यासाचं वर्तुळ लागायचं, मॉडेलच्या मापात सव्वा मीटरच्या आतबाहेर. त्या दिवसापासून मी तशीच चालवतो. ट्रॅक उतरायचं थांबलं, मोटरी कोमट राहायला लागल्या. काका अधूनमधून गच्चीवर येतात, रिमोट मागून घेतात आणि थांबताना नाक खाली जातंय का ते वाकून बघतात. नव्या स्प्रिंगांवर ते जातं. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे येतं, त्यासाठी सगळा खटाटोप मान्य आहे.

धुराचं यंत्र बरं आहे, पण त्यातली वात कोरडी पडली की कॉइल जळते. माझी पहिली डिसेंबरात गेली. मी केमिस्टकडचं लाइट लिक्विड पॅराफिन घालतो आणि खोलीत धूर करत नाही. छर्ऱ्यांची तोफ मी काढूनच टाकली. घरात लहान मुलं आहेत, आणि ती यंत्रणा काढल्यावर आत स्पीकर मोठा बसला. हा बदल कमी खर्चात सगळ्यात जास्त समाधान देणारा.

मध्येच सिग्नल तुटून गाडी झटके देत होती. मोटरींच्या ठिणग्यांचा त्रास होता. बुधवार पेठेत तपकीर गल्लीतून 104 नंबरचे कपॅसिटर आणले, दोन्ही मोटरींच्या टर्मिनलांवर एकेक सोल्डर केला, झटके बंद. खर्च चहाएवढासुद्धा नाही. मूळ बॅटरी आधी चाळीस मिनिटं चालायची, धातू चढल्यावर पंचवीसवर आली, म्हणून मोठी निकेल-मेटल हायड्राइड घेतली. लिथियमची बॅटरी ठेवणार असाल तर चार्जिंगला लावून बाहेर जाऊ नका.

रंगकामासाठी फेब्रुवारीत नगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियमला जाऊन आलो. 1994 साली सुरू झालेलं हे संग्रहालय या छंदातल्या प्रत्येकाने पाहावं. तिथले रणगाडे नीट रंगवून ठेवलेले आहेत, त्यामुळे धूळ-चिखल कसा बसतो ते तिथे कळत नाही. पण तिथल्या सेंच्युरियन रणगाड्याच्या शेजारी उभं राहिलं की ओतीव पोलादाचा खरखरीत पृष्ठभाग दिसतो. घरी येऊन मी टरेटवर पातळ पुट्टी ब्रशने थापटली आणि वाळल्यावर हलका कागद मारला. प्लास्टिकची चकाकी गेली, टरेट ओतल्यासारखं दिसायला लागलं. धूळ मात्र वेताळ टेकडीवरच्या मुरुमाची आहे, चाळून, पातळ वार्निशात मिसळून लावलेली. आणि ट्रॅकच्या पिनांवरचा गंज पावसाळ्याने स्वतः दिला, तो मी पुसला नाही.

टेकडीवर नेत असाल तर वाळक्या गवताकडे लक्ष ठेवा. स्प्रॉकेटच्या मागे दांड्यावर ते इतकं घट्ट गुंडाळलं जातं की कात्रीने कापावं लागतं, आणि वेळेवर काढलं नाही तर बेअरिंगचं सील फाटतं.

गाडी आणि बदल मिळून माझे 34 हजार गेले, त्यात जळालेली कॉइल आणि वाया गेलेले गिअर आले. धातूचा गिअरबॉक्स आधीच बसवलेली आवृत्ती मिळत असेल तर तीच घ्या, जास्तीचे पैसे त्यात वसूल होतात. तीन वर्षांच्या मुलासाठी खेळणं म्हणून मात्र अजिबात नको. ट्रॅकमध्ये बोट सापडलं तर चांगलंच चिमटतं.

सध्या हलच्या तळात शिशाच्या पट्ट्या बसवतोय, मागच्या बाजूला, खऱ्या शर्मनमध्ये इंजिन होतं तिथे. साडेपाच किलोपर्यंत नेऊन बघायचंय. काकांनी पहिल्या फेरीसाठी रविवारची सकाळ राखून ठेवली आहे.