सियागंजातील लेथवर बनलेला पितळी बुश
मायक्रोफोनला धक्के लागू नयेत म्हणून घरी बनवलेल्या झुल्यासाठी मला पितळी जोडबुश, म्हणजे दोन वेगळ्या मापांचे आटे जोडणारा तुकडा, हवा होता, कारण स्टँडवर युरोपीय पद्धतीचे 3/8 इंची आटे होते आणि झुल्याच्या पकडीत अमेरिकी पद्धतीचे 5/8 इंची, म्हणजे इंचाला 27 आटे. इंदूरच्या सियागंजाजवळील एका छोट्या लेथ कारखान्यातील काकांनी दोन्ही नमुने मागून घेतले, गेज लावून आटे तपासले आणि दुसऱ्या दिवशी बुश दिला. इतकी आस्था मी मोठ्या दुकानांतही क्वचित पाहिली आहे. पीव्हीसी नळीच्या कड्यात शिलाईच्या इलॅस्टिकवर तोललेल्या मायक्रोफोनपर्यंत आता टेबलाचा धक्का फारच थोडा पोहोचतो. इलॅस्टिक मात्र जास्त ताणू नये, अन्यथा कंपने सरळ आत जातात. बुशाची एक कड धारदार राहिली होती, ती मी कानशीने घासली.